भित्री भागूबाई, एक ड्रॅगन आणि रात्रीचे पावणेबारा

मागचे दोन भाग पासवर्ड आणि ओटीपीवर झाले. त्यावर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कळवलं की आता जरा वेगळं काहीतरी घे. घेते. आज एक कविता.

पळू नका, थांबा. कवितेत ड्रॅगन आहे, दोन पिस्तुलं घेतलेला समुद्री चाचा आहे, आणि ऐन वेळी बिळात जाणारा एक उंदीर आहे. आणि पुढे मी माझ्याबद्दलची एक गोष्ट सांगणार आहे, जी गेली तीन वर्षं कुणाला सांगितलेली नाही. तेव्हा बसमध्ये असाल तर खिडकीची जागा पकडा.

झालं असं, की माझी मावसबहीण यंदा दहावीत आहे. सीबीएसई. ती नाशिकला, मी पुण्यात, त्यामुळे रविवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर आमची शिकवणी चालते. गणित-विज्ञान मी घेते, कारण घरच्यांच्या मते बीटेक झालेल्या माणसाला ते येतंच. (येत नाही. आदल्या रात्री वाचून ठेवावं लागतं.) त्या रविवारी मात्र तिने इंग्रजीचं पुस्तक काढलं. 'फर्स्ट फ्लाइट'. मला एकदम दहावीतला वर्ग आठवला. माझे बाबा बँकेत, दर तीन वर्षांनी बदली, म्हणून मीही सीबीएसईतच होते आणि २०१३ साली दहावी झाले. तेच पुस्तक, आणि त्यात तीच कविता : 'द टेल ऑफ कस्टर्ड द ड्रॅगन'. कवी ऑग्डेन नॅश.

स्टेट बोर्डवाल्यांनी ही वाचली नसेल, म्हणून गोष्ट सांगते. माझ्या शब्दांत, हं.

बेलिंडा नावाची एक मुलगी. तिचं छोटं पांढरं घर. घरात काळं मांजराचं पिल्लू, त्याचं नाव इंक, म्हणजे शाई. करडा उंदीर, ब्लिंक. पिवळा कुत्रा, मस्टर्ड, म्हणजे मोहरी. आणि चौथा प्राणी एक खराखुरा ड्रॅगन, कस्टर्ड. ड्रॅगनकडे ड्रॅगनचं सगळं सामान आहे. दात, खवले, पाठीवर काटे, तोंडात भट्टी पेटल्यासारखी आग, पायाला खंजीर लावल्यासारखी नखं. पण स्वभावाने तो महाभित्रा. बाकी सगळे म्हणे इतके शूर, की मांजर आणि उंदीर मिळून सिंहांना जिन्यावरून पळवून लावतात. आणि हा ड्रॅगन काय मागतो? एक चांगला, सुरक्षित पिंजरा. सगळे त्याला हसतात. बेलिंडा त्याला गुदगुल्या करकरून छळते. लाल गाडीत बसून त्याची टिंगल चालते.

मग एक दिवस खिडकीतून चाचा आत येतो. दोन्ही हातांत पिस्तूल, दातांत तलवार, काळी दाढी, एक पाय लाकडाचा. बेलिंडा पांढरीफटक पडते. कुत्रा केकाटत पळतो. मांजर घराच्या तळाशी कुठेतरी झिरपतं. उंदीर बिळात. आणि कस्टर्ड? तो उडी मारतो, इंजिनासारखा फुसफुसतो, शेपटी आपटतो आणि चाचावर तुटून पडतो. चाचा खिशातल्या बाटलीतून दोन घोट घेतो, दोन गोळ्या झाडतो, दोन्ही चुकतात. आणि ड्रॅगन त्याला खाऊन टाकतो. पूर्ण. हाडसुद्धा शिल्लक नाही.

इथपर्यंत कुठल्याही गोष्टीत होतं तसंच. गंमत पुढे आहे, पण आधी कवीबद्दल दोन शब्द, कारण हा माणूस मला फार आवडलाय.

ऑग्डेन नॅश, अमेरिकन, जन्म १९०२. हार्वर्डला गेला आणि एका वर्षात सोडून आला. न्यूयॉर्कमध्ये बाँड विकायची नोकरी धरली. तो स्वतःच सांगायचा की त्या सगळ्या काळात मी एकच बाँड विकला, आणि तोही माझ्या गॉडमदरला. म्हणजे आपल्याकडे पोरगं एलआयसी एजंट झालं की पहिली पॉलिसी मावशी घेते ना, तसं. फरक एवढाच की याची पहिली तीच शेवटची. मग ट्रामगाड्यांत लावायच्या जाहिरातींचा मजकूर लिहिला, प्रकाशनात काम केलं, आणि १९३० च्या सुमारास 'न्यूयॉर्कर'मध्ये त्याच्या विनोदी कविता यायला लागल्या. पुढे बाल्टिमोरला स्थायिक. दोन मुली. ड्रॅगनची ही कविता १९३६ सालची. १९५९ मध्ये तिचं चित्रांचं पुस्तक आलं, त्याची चित्रं त्याच्याच मुलीने काढली.

त्याची खासियत म्हणजे यमक. यमक जुळत नसेल तर हा पठ्ठ्या शब्दच वाकवायचा. उंदीर बिळात गेला हे सांगायला 'माऊसहोल' या नामाचं सरळ क्रियापद करून टाकतो. म्हणजे उंदीर 'बिळला' म्हणायचं! आणि वर त्याला 'स्ट्रॅटेजिकली' हे सैन्यातलं क्रियाविशेषण जोडतो. पळपुटेपणाला डावपेचाचा शर्ट घातला. मला हा शब्द वाचून दर वेळी हसू येतं, आणि थोड्या वेळाने तुम्हाला कळेल की जरा कमी हसू का यायला हवं. ड्रॅगन खरा आहे हे सांगायला तो 'रिअलिओ ट्रूलिओ' म्हणतो. शाळेत आम्हाला बाईंनी सांगितलं, हे 'पोएटिक लायसन्स'. बरोबर आहे, पण मराठी मुलीला ते समजवायला एवढं लांब जायची गरज नाही. आपण 'खराखुरा' म्हणतोच की. खरा ठीक, खुरा म्हणजे काय? काही नाही. जोर यावा म्हणून.

आणि नाव. कस्टर्ड म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? वाटीतलं पिवळं, केळ्याचे काप घातलेलं, फ्रीजमधून काढलं की थरथरणारं. थरथरणं आहेच त्यात. पण अजून एक आहे, जे मला दहावीत कुणी सांगितलं नव्हतं. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांत भित्र्या मुलाला चिडवायची एक जुनी पद्धत आहे : 'कावर्डी कस्टर्ड'. आपल्या 'भित्री भागूबाई'सारखं. म्हणजे या बिचाऱ्या ड्रॅगनचं नावच ती चिडवणूक आहे. विचार करा, एखाद्याचं पाळण्यातलं नाव भागूबाई, आणि मग तो भित्रा निघाला म्हणून सगळे हसतायत.

वर त्याला हे लोक 'पर्सिव्हल' म्हणून चिडवतात. पर्सिव्हल हा राजा आर्थरच्या गोलमेजाभोवतीचा एक सरदार. युरोपातल्या गोष्टींत सरदार ड्रॅगनला मारतो. इथे ड्रॅगनलाच सरदाराचं नाव दिलंय. हाडकुळ्या मित्राला 'काय पैलवान' म्हणतो ना आपण, तोच टोमणा. मजा अशी की खिडकीत चाचा आल्यावर सरदाराचं काम शेवटी तोच करतो.

पुस्तक सांगतं की ही कविता बॅलडच्या चालीवर आहे. बॅलड म्हणजे गोष्ट सांगणारं गाणं, बहुतेक वेळा शौर्याची गोष्ट. आपल्याला जवळचं म्हणजे पोवाडा. डफ वाजतोय, शाहीर आवाज चढवतोय, आणि पोवाडा कुणाचा, तर घरातल्या मांजराचा. ही यातली गंमत. चाल वीराची, विषय घरगुती. मराठीत आचार्य अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावाने १९२५ मध्ये 'झेंडूची फुले' काढून कवींच्या गंभीर थाटाची अशीच खिल्ली उडवली होती, तो प्रकार वेगळा, पण कुळ एकच. नॅशने तर ऐन युद्धात ड्रॅगनची उपमा दिलीय किड्यावर झेपावणाऱ्या एका चिमुकल्या पक्ष्याची! एवढा मोठा राक्षस आणि उपमा चिमणीएवढी. शाहिराने असं केलं असतं तर पब्लिकने फेटे फेकून मारले असते.

हे सगळं मी बहिणीला सांगितलं. दोन-दोन ओळींचं यमक, उपमा कुठे, अतिशयोक्ती कुठे. तिने खुणा केल्या. गाईडमधलं उत्तर तर तिला पाठच होतं. खरं धैर्य संकटात दिसतं, दिसण्यावरून कुणाला जोखू नये, वगैरे. तीन मार्कांचं उत्तर. मी म्हटलं, झालं तर मग, पुढचा धडा घेऊया.

ती म्हणाली, "ताई, पण ड्रॅगन खोटं का बोलतो?"

"कुठे खोटं बोलतो?"

"शेवटी बघ ना."

तर शेवट. चाचा पोटात गेल्यावर सगळे ड्रॅगनला मिठ्या मारतात, कुत्रा त्याला चाटतो, मांजर आणि उंदीर भोवती नाचतात. हे फार तर मिनिटभर टिकतं. लगेच कुत्रा म्हणतो, मी गडबडलो नसतो ना, तर याच्या दुप्पट शूरपणा दाखवला असता. मांजर आणि उंदीर म्हणतात, आम्ही तिप्पट. आणि कस्टर्ड, ज्याच्या पोटात अजून लाकडी पाय आहे, तो म्हणतो, हो, मला मान्य आहे, तुम्ही सगळे माझ्यापेक्षा शूरच आहात. आणि कविता पुन्हा पहिल्यासारखी. बेलिंडा शूर, मांजर-उंदीर शूर, कुत्रा शूर, आणि ड्रॅगन पुन्हा पिंजरा मागतोय.

इंजिनिअर म्हणून एक नोंद करते, कुत्र्याचं शौर्य त्या रात्री शून्य होतं. शून्याची दुप्पट शून्य. तिप्पटही शून्य. हिशोबात तो चुकलेला नाही. बहिणीला हा विनोद आवडला, पण तिने प्रश्न सोडला नाही. "त्याने म्हणायला पाहिजे होतं ना, की तुम्ही पळालात? मी नसतो तर? तो घाबरतो का त्यांना? की त्याला खरंच वाटतं तसं?"

मी म्हटलं, विनम्र असतो तो. ती म्हणाली, हे गाईडमध्ये आहे.

दहावीची पोरगी. मी जरा वेळ मागितला. म्हटलं पाणी पिऊन येते.

किचनमध्ये गेले आणि फ्रीजशेजारी उभी राहिले, आणि मला एकदम दरदरून घाम फुटला. कारण तीन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी रात्री मी बरोब्बर त्याच जागी, त्याच फ्रीजशेजारी, खाली फरशीवर बसलेली होते.

ती गोष्ट सांगते. कंपनीचं नाव सांगणार नाही, माणसांचीही नाही. आमचं ॲप छोटे दुकानदार वापरतात. किराणावाले, दूधवाले. त्यात रोजच्या ऑर्डरी आणि कुणाची किती उधारी याचा हिशोब असतो. आमच्या टीममध्ये एक मुलगा होता. वय पंचवीस, पण आम्ही त्याला 'बॅकअप काका' म्हणायचो. कारण तो प्रत्येक गोष्टीत विचारायचा, हे बिघडलं तर मागे कसं जायचं? डेटाची कॉपी घेतलीय का? ती कॉपी परत चढवून बघितलीय का कधी? मीटिंग संपत आली की याचा हात वर. कुणीतरी कुजबुजायचं, आले काका. कंपनीत रात्री दोन वाजता आपोआप कॉपी व्हायची, तरी हा दर रिलीजच्या आधी स्वतःची एक वेगळी घ्यायचा. आम्ही त्याच्या वाढदिवसाला त्याला हेल्मेट दिलं होतं. ऑफिसमध्ये घालायला. तो हसला आणि दिवसभर घालून बसला.

त्याला पिंजरा हवा होता हो. आम्हाला तो विनोद वाटायचा.

त्या शुक्रवारी एक छोटी स्क्रिप्ट चालवायची होती. जुनी, चाचणीसाठी उघडलेली खाती पुसायला. लिहिली होती आमच्या लीडने. तपासून मंजूर केली होती मी. काकाने खाली लिहून विचारलं होतं, की आधी नुसतं मोजून बघितलंय का, किती खाती पुसली जाणार? मी त्यावर हसऱ्या तोंडाचा इमोजी टाकला आणि 'मंजूर'वर टिचकी मारली. स्क्रिप्टमधली अट उलटी होती. रात्री साडेनऊला ती चालली आणि खऱ्या दुकानांच्या नोंदी पुसायला लागली. पावणेबाराला पहिला फोन आला.

सगळे कॉलवर आलो. लीड म्हणाला मी हायवेवर आहे, आवाज येत नाहीये, आणि गायब. एक मैत्रीण, एरवी कुणालाही ऐकवणारी, ती फक्त "ओ माय गॉड" म्हणत राहिली. आणि मी. मी कॅमेरा बंद केला, माईक बंद केला, चॅटवर लिहिलं "नेट जातंय". नेट छान होतं. मी लॅपटॉप बेडवर ठेवला, फोन हातात घेतला आणि किचनमध्ये फ्रीजशेजारी खाली बसले आणि ऐकत राहिले. माझ्या मंजुरीचा तो इमोजी डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

उंदीर. बिळात. डावपेच म्हणून.

काका एकटाच बोलत होता. आवाज थरथरत होता, अगदी ऐकू येईल इतका. म्हणाला, ॲप चालू आहे तोवर नव्या नोंदी बिघडलेल्यात मिसळत जाणार, आधी ॲप बंद करायला हवं. आता ॲप बंद करणं म्हणजे काय, तर वरच्या साहेबांची परवानगी. आणि त्या साहेबांना आम्ही दिवसासुद्धा फोन करत नव्हतो. त्याने लावला. मध्यरात्री. मी ऐकलं, कारण दुसरा फोन त्याने तोंडाशी धरला तेव्हा कॉल चालूच होता. तो म्हणाला, "सर, मी... मी ॲप बंद करतोय." 'करू का' नाही विचारलं. मग पलीकडून बराच वेळ काहीतरी मोठ्याने. आणि हा, "हो सर. हो सर. बंद करतोय सर."

मग त्याने त्याची स्वतःची कॉपी काढली, रात्री आठची. रात्री दोनची कॉपी वापरली असती तर दुकानदारांचा अख्खा शुक्रवार गेला असता. आठ ते पावणेबारामधल्या नोंदी त्याने लॉगमधून एकेक करून परत भरल्या. मी साडेबाराला "नेट आलं" म्हणून परत आले आणि तो सांगेल ते करत राहिले. पहाटे पाचला दूधवाले ऑर्डरी बघतात. पावणेपाचला ॲप चालू झालं.

आता सोमवार. मीटिंग. लीड म्हणाला, मी ड्राइव्ह करत नसतो तर वीस मिनिटांत आटपलं असतं. मैत्रीण म्हणाली, मी तर सुचवणारच होते बंद करायचं. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "माझं नेट धड असतं तर मीच लगेच ॲप बंद केलं असतं."

काकाने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. म्हणाला, "हो ना. तुला सिस्टिम माझ्यापेक्षा जास्त माहितीये. मी तर जाम घाबरलो होतो." कुणीतरी म्हणालं, "काका घाबरले!" आणि सगळे हसले. मी पण.

झालेल्या प्रकाराचा रिपोर्ट लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं : "टीमने तत्परतेने पावले उचलली." त्याचं नाव त्यात एकदाही नाही. माझ्या इमोजीचा उल्लेख तर अर्थातच नाही. आठ महिन्यांनी तो हैदराबादला दुसऱ्या कंपनीत गेला. निरोपाच्या केकवर आम्ही हेल्मेटचं चित्र काढून घेतलं होतं.

तर पाण्याचा ग्लास घेऊन मी कॉलवर परत आले. बहीण वाट बघत होती. माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी तिला आजीने सांगितलेली एक गोष्ट सांगितली. तुम्हालाही माहीत असेल. महाभारत, विराटपर्व. राजा विराट एका बाजूला लढायला गेलेला, आणि दुसऱ्या बाजूने कौरव येऊन गाई पळवतात. घरी राजपुत्र उत्तर. तो अंतःपुरातल्या बायकांसमोर बढाया मारतो, मला एक चांगला सारथी मिळू दे, मग बघा कौरवांचं काय करतो. सारथी म्हणून मिळते बृहन्नडा, म्हणजे नाच शिकवणारा, वेष बदललेला अर्जुन. समोर कौरवांचं सैन्य दिसलं आणि उत्तराने रथातून उडी मारली आणि पळत सुटला. अर्जुन मागे, वेणी उडतेय, आणि सैन्य ते बघून हसतंय. शेवटी केसाला धरून त्याला परत आणलं. मग शमीच्या झाडावरची शस्त्रं काढली आणि अर्जुन लढला. गाई सोडवल्या. आणि वर उत्तरालाच म्हणाला, घरी जाऊन सांग, तू जिंकलास म्हणून.

इकडे विराट आनंदाने वेडा. माझ्या पोराने कौरवांना हरवलं! कंक, म्हणजे युधिष्ठिर, म्हणतो की बृहन्नडा सारथी असताना तो जिंकणारच. राजाला राग येतो आणि तो हातातला फासा त्याच्या तोंडावर फेकून मारतो. नाकातून रक्त.

ही पण बघा ना, विनोदीच गोष्ट आहे. नाचाच्या शिक्षिकेने सैन्य हरवलं, आणि खरं बोलणाऱ्याला मार. आजी सांगायची तेव्हा आम्ही पोटात दुखेपर्यंत हसायचो, विशेषतः ती वेणी. पण आजी एक गोष्ट कधी गाळायची नाही. उत्तर दरबारात येतो, बाप त्याला मिठी मारतो, आणि तो म्हणतो, मी नाही जिंकलो. मी तर पळत होतो. एका देवपुत्राने मला थांबवलं, तोच लढला. पूर्ण खरं तेव्हा सांगता येत नव्हतं, अज्ञातवास उघड झाला असता. पण 'मी पळत होतो' हे त्याने भर दरबारात सांगितलं.

बहीण म्हणाली, "म्हणजे ड्रॅगनच्या गोष्टीत उत्तर नाहीये."

नाहीये. मी इतकी वर्षं त्या शेवटच्या कडव्यांत ड्रॅगनकडेच बघत होते, तो असं का म्हणतो म्हणून. ते मला आता थोडंफार समजतं. तो त्याच्या हिशोबाने खरंच बोलतोय. शूर म्हणजे ज्याला भीती वाटत नाही तो, असं त्या घरात ठरलेलं आहे, आणि त्याला तर भीती वाटते. चाचाच्या आधी वाटत होती, चाचा येताना वाटली असणार, आताही वाटते, म्हणून तर पुन्हा पिंजरा मागतोय. मग तो आणखी काय म्हणणार? काकासुद्धा मीटिंगमध्ये खोटं बोलला नव्हता. तो घाबरलाच होता. पण त्या कवितेत ते वाक्य दुरुस्त करायची जागा ड्रॅगनची नाहीच. ती कुत्र्याची आहे. मांजराची, उंदराची, बेलिंडाची. चौघांपैकी एकालाही म्हणता आलं असतं, अरे मी पळालो होतो. नॅशने कुणालाच म्हणू दिलं नाही, आणि आम्ही वर्गात हसून पान उलटलं.

पुस्तकात प्रश्न आहे, ही कविता गंभीर आहे की हलकीफुलकी? २०१३ साली मी 'हलकीफुलकी' लिहून तीन कारणं दिली होती. आता विचाराल तर मला वाटतं, कडव्यागणिक हलकी आहे, आणि एकूण नाही. बहिणीला सांगितलं, परीक्षेत असं लिहू नकोस, मार्क जातील. ती म्हणाली लिहिणार. बघू.

त्या रात्री मी ऑफिसच्या साइटवर तो जुना रिपोर्ट उघडला. तीन वर्षं त्याला कुणी हात लावलेला नव्हता. दोन ओळी घातल्या. ॲप बंद करण्याचा निर्णय कुणी घेतला आणि डेटा कुणाच्या कॉपीतून परत आला, त्याच्या नावासकट. आणि तिसरी, की मंजुरी मी दिली होती आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलं नव्हतं. सेव्ह केलं. मला माहीत नव्हतं की असा बदल केला की जुन्या टीममधल्या सगळ्यांना ईमेल जातो. दहा मिनिटांत लीडचा मेसेज आला, फक्त एक प्रश्नचिन्ह. मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही.

मग काकाला मेसेज केला. लांबलचक. नेट चालू होतं, मी किचनमध्ये बसले होते, सगळं. दोन निळ्या खुणा आल्या आणि बराच वेळ काहीच नाही. मी फोन उलटा करून ठेवला, परत सुलटा केला, असं चाललं होतं. मग त्याचं उत्तर आलं :

"अगं मला माहीत होतं. तुझ्या नावापुढचा हिरवा ठिपका रात्रभर चालू होता. आणि मी त्या रात्री दोनदा ओकलो, ते तुला माहीत नाही, कारण तेव्हा मी पण माईक बंद केला होता."

आणि खाली लगेच दुसरा मेसेज : "ते जाऊ दे. कॉपी परत चढवून बघता ना अजून, दर महिन्याला?"

हे रेकॉर्ड करतेय तेव्हा रविवारची रात्र आहे. आम्ही शेवटचं कधी बघितलं होतं ते मला खरंच आठवत नाहीये. उद्या ऑफिसला गेल्यावर आधी ते बघते, मग त्याला उत्तर देते.

चला, भेटू पुढच्या भागात.